मृगाच्या तोंडावर मालवणहून रत्नागिरीला बिऱ्हाड हलवायचंय, सामान कसं बांधावं?

पडवी

नमस्कार मंडळी. मालवणचं कौलारू घर सोडून रत्नागिरीत दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जायचंय. किल्ली ५ जूनला मिळणार, म्हणजे सामान ६ किंवा ७ तारखेला निघेल. आधीची तारीख मिळणं शक्य नाही. मार्ग मालवण–कसाल, मग हायवेने कणकवली, राजापूर, लांजा, हातखंबा.

सामान असं: फ्रेंच पॉलिशचं जुनं सागवानी कपाट, एक लोखंडी कपाट, दोन पलंग, पितळी कड्यांचा झोपाळा, चारेकशे पुस्तकं, काचेच्या तसबिरी, तांब्यापितळेची भांडी, चिनी मातीच्या सहा बरण्या (तीन लोणच्याने भरलेल्या), आगळाच्या बाटल्या, काचेची आणि चिनी मातीची क्रोकरी, फ्रिज, समोरून दार असलेलं वॉशिंग मशीन, ४३ इंची टीव्ही, इन्व्हर्टर आणि बॅटरी, पाटा-वरवंटा.

पॅकर्सवाला म्हणतो, 'सगळं प्लास्टिक फिल्ममध्ये गुंडाळतो, थेंब आत जाणार नाही.' घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, गोणपाट आणि जुन्या साड्या पुरे. फुटण्याइतकीच ओलीचीही काळजी आहे. जाणकारांनी जरा तपशिलात सांगावं.

चौदाफुटी

गाडीपासून सुरुवात करतो, कारण बांधणी कशी करायची हे गाडीवर ठरतं.

एवढं सामान छोट्या हत्तीत मावणार नाही. त्याचा हौदा साधारण सात फूट लांब, पाच फुटांहून किंचित कमी रुंद, आणि वजनाची मर्यादा पाऊण टनाच्या आसपास. तुमचं सामान दीड-दोन टनांपर्यंत जाईल. बंद बॉडीची चौदा फुटी गाडी मिळाली तर उत्तम. उघडा हौदा असेल तर ताडपत्री कशी बांधतात ते स्वतः उभं राहून बघा. बरेच जण ताडपत्रीच्या कडा हौद्याच्या फळ्यांच्या आत खोचतात. मग वरचं सगळं पाणी फळीवरून आत उतरतं आणि तळाची खोकी भिजतात. कडा फळ्यांच्या बाहेरून किमान फूटभर खाली यायला हव्यात. दोन ताडपत्र्या असतील तर पुढची मागचीवर चढली पाहिजे, उलट झालं की हायवेवर वारा मधून शिरतो आणि ती फुगते. ताडपत्री नवी असली तरी उजेडात धरून बघा, घडीच्या रेषेवर बारीक भोकं असतात.

खालूनही पाणी येतं. मागच्या फाळक्याच्या फटीतून चाकांचं उडालेलं पाणी आत येतं, म्हणून हौद्यात आधी लाकडी फळ्या किंवा पॅलेट टाका. दीड-दोन इंच उंची मिळाली तरी पुरे. त्यावर एक ताडपत्री, मग सामान.

भरण्याचा क्रम: पाटा-वरवंटा आणि लोखंडी कपाट केबिनच्या भिंतीला टेकून, तळाला. पाटा खोक्यात अजिबात नको, खोक्याचा तळ फाटून तो कुणाच्या तरी पायावर येतो. गोणपाटात गुंडाळून थेट फळीवर झोपवा आणि दोन्ही बाजूंनी अडवा, नाहीतर वळणावर सरकतो. पुस्तकांची खोकी त्याच्या शेजारी, तळाच्याच थरात. फ्रिज आणि मशीन उभी, हौद्याच्या बाजूला पट्ट्याने बांधलेली. गाद्या मध्ये उभ्या सरकवल्या की लाकूड लाकडावर घासत नाही. काचसामान सर्वात वर, आणि त्यावर काहीही नाही. मधे पोकळी राहिली तर उशा, गोधड्या कोंबा. पहिल्या अर्ध्या तासात सामान बसतं आणि दोऱ्या ढिल्या पडतात, म्हणून कसालला हायवेला लागण्याआधी गाडी थांबवून सगळ्या दोऱ्या पुन्हा आवळा.

खोकी पाच प्लायची घ्या. तीन प्लायचं खोकं समुद्राकाठच्या हवेत दोन दिवसांत मऊ पडतं आणि चवडीत खालचं दबतं. बागायतदाराकडून आंब्याचे पुठ्ठ्याचे बॉक्स फुकट मिळतील, मोह आवरा. त्यांना हवेसाठी भोकं असतात, आत चीक आणि साखर लागलेली असते, मुंग्या घेऊन येतात. लाकडी पेट्या मात्र पितळी भांड्यांना छान. आतले खिळे ठोकून सपाट करून घ्या.

पुस्तकांना बारा इंची चौकोनी खोकं पुरतं. भरलं की पंधरा-अठरा किलोच्या घरात जातं, त्यापुढे दुसऱ्या मजल्यावर चढवणाऱ्याच्या हातून ते सुटणार. कपडे, उशा यांना अठरा इंची. तुमच्या घराला एकूण ४५ ते ५० खोकी धरा, तीन इंची चिकटपट्टीचे सहा-सात रोल, पंधरा किलो रद्दी, मीटरभर रुंदीचा ५० मीटर बबल रॅप. तळाला पट्टी फक्त मधल्या फटीवर लावून भागत नाही. फटीवर दोनदा आणि दोन्ही आडव्या कडांवर एकेकदा. पुठ्ठ्यावर धूळ किंवा दमटपणा असेल तर पट्टी रात्रीत सुटते, आधी कोरड्या फडक्याने पुसा.

नंबर खोक्याच्या झाकणावर लिहू नका, चवडीत झाकण दिसतच नाही. दोन बाजूंना लिहा: 'स्वयंपाक ७', 'देवघर २'. वहीत त्या नंबरापुढे आत काय आहे ते.

किनाऱ्यावरचा

माझं मत पॅकर्सवाल्याच्या बाजूने. जूनमध्ये फिल्मच हवी. गोणपाट एकदा भिजलं की दोन दिवस वाळत नाही आणि त्याचा रंग लाकडावर उतरतो.

सागवान

किनाऱ्यावरचा, गोणपाटाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण फिल्म थेट लाकडावर नको, आणि फ्रेंच पॉलिशवर तर नकोच नको.

कारण असं. आपल्याकडे मे अखेरीस लाकडाने हवेतली ओल ओढून घेतलेली असते. अशा कपाटाला प्लास्टिक घट्ट गुंडाळलं आणि ते गाडीत तापलं की लाकडातली ओल बाहेर निघते, प्लास्टिकच्या आतल्या बाजूला घाम धरते आणि पॉलिशवरच बसून राहते. फ्रेंच पॉलिश लाखेचं असतं, ते ओलीने पांढरं पडतं. ज्या घड्या कपाटाला चिकटल्या असतील त्यांच्या आकाराचे पांढरे चट्टे उठतात. ते काढायला पुन्हा पॉलिशवालाच बोलवावा लागतो.

म्हणून: आधी सुती चादर किंवा जुनी साडी, त्यावर कोपऱ्यांना पुठ्ठा, मग सुती नाडीने बांधणी. फिल्म लावायचीच असेल तर या सगळ्यावरून, निघायच्या दिवशी, आणि खालचा भाग उघडा ठेवून. रत्नागिरीत सामान उतरलं की त्याच संध्याकाळी फिल्म कापून टाका. चिकटपट्टी कुठल्याही लाकडाला थेट लावायची नाही, काढताना पॉलिश सोबत येतं. काथ्याची दोरी गाठ धरून ठेवते हे खरं, पण ती पॉलिशवर कानसीसारखी चालते. ती गाडीच्या बांधणीला ठेवा.

कपाट सोडवताना क्रम: कप्पे आणि खण बाहेर, मग दारं, मग वरची कॉर्निस, शेवटी पाठीची फळी. फुगलेला खण ओढून काढू नका, पुढची पट्टी उखडते. पाठीची फळी काढली की तो मागून ढकलता येतो. बिजागऱ्यांचे स्क्रू ज्या दाराचे त्याच दाराला पिशवीत बांधा. जुन्या सागवानात भोकं सैल झालेली असतात, स्क्रूंची अदलाबदल झाली की पकड जाते. पलंगाच्या प्रत्येक जोडावर दोन्ही तुकड्यांना एकच आकडा खडूने लिहा, १ ला १, २ ला २. झोपाळ्याच्या कड्यांनाही तसंच. चार साखळ्या वेगवेगळ्या चार पिशव्यांत, ज्या कोपऱ्याची त्याची खूण करून. लांबीत एका कडीचा फरक असला तरी पाट तिरका लागतो.

सामान हलवण्याआधी कपाटाचे पाय आणि पाठ टॉर्च लावून बघा. मातीची बारीक नळी दिसली, बोटाने दाबल्यावर लाकूड पोकळ वाजलं तर वाळवी आहे. ते लाकूड औषध मारल्याशिवाय फ्लॅटमध्ये नेऊ नका, तिथल्या चौकटी आणि फर्निचरला लागायला वेळ लागत नाही.

पुस्तकं. निघायच्या आठवडाभर आधी, उन्हं चढल्यावर, सावलीत पसरून हवेवर ठेवा. थेट ऊन लागलं तर डिंकाची बांधणी तडकते. कसर असेल तर मऊ ब्रशने कण्याच्या फटी झाडा. खोक्यात पुस्तकं आडवी किंवा कणा खाली करून ठेवा. कणा वर राहिला तर पानांचं वजन बांधणीला लोंबतं आणि शिवण सुटते. प्रत्येक खोक्यात सिलिका जेलच्या पिशव्या मिळून ५० ते १०० ग्रॅम. डांबराच्या गोळ्या कागदाच्या पुडीत, पुस्तकाला थेट लागू देऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: खोकी कधी बंद करता त्याला फार किंमत आहे. संध्याकाळी दर्यावरची दमट हवा घरभर असताना भरलेलं खोकं म्हणजे ती हवा पट्टीने सील करणं. कपडे, पुस्तकं, गाद्या, कागदपत्रं हे सगळं दुपारी अकरा ते तीनच्या दरम्यान बांधा. क्रोकरी, स्टील, प्लास्टिक संध्याकाळी चालेल. तुमच्या दोन पर्यायांत खरा फरक यानेच पडतो. कोरडं भरलेलं सामान साडीतही नीट पोचतं आणि दमट भरलेल्याला फिल्म वाचवत नाही.

तारजोडणी

विजेच्या वस्तूंचं मी सांगतो.

फ्रिज: आदल्या दिवशी सकाळी बंद. बर्फ वितळू द्या, चाकूने खरवडू नका, फ्रीझरच्या पत्र्यामागे गॅसची नळी असते. मागच्या बाजूला कंप्रेसरच्या वर एक प्लास्टिकची थाळी असते, तिच्यात पाणी साठलेलं असतं. ती रिकामी करायचं नव्वद टक्के लोक विसरतात आणि ते पाणी जिन्यात हमालाच्या हातावर किंवा गाडीत खोक्यांवर सांडतं. काचेचे शेल्फ काढून वेगळे बांधा. दाराला कापडी पट्टा, चिकटपट्टी नको. आत कोळशाचे तीन-चार तुकडे कापडात बांधून ठेवा, वास धरत नाही. दाराचं रबर पूर्ण कोरडं करा, आपल्या हवेत बंद फ्रिजच्या रबरावर काळी बुरशी लवकर धरते.

फ्रिज उभाच न्यायचा. जिन्याच्या वळणावर ४५ अंशांपर्यंत मिनिटभर कलला तर चालेल. आडवा नेला की कंप्रेसरमधलं तेल नळ्यांत चढतं आणि तसाच चालू केला तर कंप्रेसर कोरडा फिरतो. उभा आणला असेल तरी पोचल्यावर चार तास नुसता उभा ठेवा. चुकून आडवा आला असेल तर पूर्ण एक दिवस.

वॉशिंग मशीन: समोरून दाराच्या मशीनचा ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला आणि खालून शॉकअपवर टेकलेला असतो. वर काँक्रीटचं वजन. मोकळा ड्रम खड्ड्यात आपटत राहिला तर शॉकअप तुटतात, बेअरिंगला खेळ येतो. म्हणून नवीन मशीन येतं तेव्हा मागच्या पत्र्यातून तीन किंवा चार लांब ट्रान्झिट बोल्ट लावलेले असतात. ते पुन्हा लावा. हरवले असतील तर मॉडेल नंबर सांगून सर्व्हिस सेंटरकडून मागवा, आतापासून सांगितलं तर वेळेत येतील. ड्रममध्ये उशा भरणं हा त्याला पर्याय नाही, उशा ड्रमच्या आत बसतात आणि ड्रम बाहेरच्या बाजूने हलतच राहतो.

खालचं छोटं झाकण उघडून फिल्टर सोडा, आधी पसरट ताट ठेवा. लिटर-दीड लिटर पाणी निघतं. ते आत राहिलं तर तिरकं होताच इलेक्ट्रॉनिक कार्डापर्यंत जाऊ शकतं. रत्नागिरीत पहिल्यांदा चालू करण्याआधी बोल्ट काढायला विसरू नका, बोल्टसकट फिरवलं तर मशीन जागा सोडून चालायला लागतं.

टीव्ही: मूळ खोकं असेल तर त्यातच. नसेल तर स्क्रीनवर आधी फोमची पातळ शीट, मग बबल रॅप फुगे बाहेरच्या बाजूला ठेवून, मग दोन्ही बाजूंना स्क्रीनपेक्षा मोठा कडक पुठ्ठा किंवा प्लाय. फुगे आत ठेवून घट्ट आवळलं तर पॅनेलवर ठिपके उमटतात. नेहमी उभा. आडव्या टीव्हीवर कुणी काही ठेवो न ठेवो, खड्ड्यात तो आपल्याच वजनाने मधे वाकतो. गादीला टेकवणार असाल तर पाठीची बाजू गादीकडे.

बॅटरी: इन्व्हर्टर बंद करा, त्याचा प्लग काढा, मग आधी काळी म्हणजे निगेटिव्ह वायर, नंतर लाल. लावताना उलट, आधी लाल. दोन्ही टर्मिनल रबरी टोपीने किंवा इन्सुलेशन टेपने झाका. बॅटरी उभीच, प्लास्टिकच्या टबात, कपड्यांपासून लांब. बुचातून सांडलेल्या ॲसिडने दिसताना नुसता डाग पडतो आणि पहिल्या धुण्यात तिथे भोक पडतं. १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या वर भरते, उचलायला दोन माणसं.

सिलिंडर सामानाच्या गाडीत घालू नका, बंद बॉडीत तर मुळीच नाही. मालवणच्या एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून व्हाउचर घ्या, ते रत्नागिरीच्या एजन्सीत दाखवून जोडणी मिळते. एजन्सीत आठवडाभर आधी जाऊन या.

बरणी

लोणच्याच्या भरलेल्या बरण्या तशाच न्यायचा विचार असेल तर सोडून द्या. बरणीचं झाकण घट्ट बसत नाही, ते नुसतं टेकलेलं असतं. दादरा कितीही आवळून बांधला तरी हादऱ्यांनी तेल वर येतं, कापडात मुरतं आणि खाली उतरतं. लोणचं कोरड्या चमच्याने रुंद तोंडाच्या, आत दुसरं झाकण असलेल्या खाण्याच्या प्लास्टिकच्या किंवा काचेच्या बरण्यांत काढा. वर एक इंच जागा सोडा, झाकणाच्या आत प्लास्टिकचा तुकडा घाला. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम वर्ज्य. मीठ आणि आंबट त्यांना खातं आणि लोणचंही वाया जातं. पोचल्यावर फोडी तेलावर आलेल्या असतील. त्या दाबून तेलाखाली घाला, गरज वाटली तर तेल तापवून पूर्ण गार करून वरून ओता. उघड्या फोडीवर पावसाळ्यात बुरशी यायला वेळ लागत नाही.

आगळ खारट आणि आंबट, दोन्ही. सांडलं तर कपड्यावरचा डाग जात नाही आणि फरशीचाही जात नाही. बाटल्या गळ्यापर्यंत भरा, बुचावर चिकटपट्टी, प्रत्येक बाटली वेगळ्या पिशवीत, आणि सगळ्या मिळून एका बादलीत उभ्या. मधे रद्दी. बादली स्वतःच्या गाडीत पायाशी ठेवता आली तर सर्वात बरं. सोलं, आंबोशी, पापड, फेण्या निघायच्या दोन-तीन दिवस आधी एक ऊन दाखवून गार झाल्यावर डब्यात. गरम असताना झाकण लावलं तर आत पाणी धरतं.

रिकाम्या बरण्या: झाकण वेगळं गुंडाळायचं. झाकण बरणीवर ठेवून गुंडाळलं तर कडेला कड आपटते आणि झिलई उडते. बरणीच्या पोटात रद्दी भरा, बाहेरून जाड चादर, लाकडी पेटीत उभी. दोन बरण्यांच्या मधे किमान दोन इंच.

पेटीत भाताचं तूस भरायची आपल्याकडे पद्धत आहे. स्वस्त पडतं, बसतंही छान, पण दोन गोष्टी सांभाळा. ते खडखडीत वाळलेलं हवं, आणि मिक्सर, पंखा अशा मोटारवाल्या वस्तूंच्या पेटीत नको. त्याची धूळ आत जाऊन बसते. गवत मात्र जूनमध्ये टाळा, जरा ओल लागली की त्याला उबट वास येतो.

काचेच्या बशा आणि ताटल्या आडव्या रचू नका. आडव्या चवडीत वरच्या सगळ्या बशांचं वजन खालच्या बशीच्या मध्यावर येतं आणि पहिल्या खड्ड्यात ती फुटते. उभ्या कडेवर ठेवल्या की प्रत्येकीवर स्वतःचंच वजन राहतं. तळाला तीन इंच चुरगळलेला कागद, प्रत्येक बशीला दोन कागद, कडेने दोन इंच भर, वर पुन्हा कागद. पेले झोपवायचे नाहीत, आत कागद भरून उभे. खोकं बंद करण्याआधी दोन्ही हातांनी हलकं हलवून कान द्या. आवाज आला तर अजून कागद हवा. पांढऱ्या क्रोकरीला आधी कोरा कागद, छापील रद्दीची शाई दमट हवेत उतरते आणि बशीच्या बारीक भेगांत बसते.

तांब्यापितळेची भांडी चिंचेने किंवा आमसुलाने घासून चकचकीत करायचा उत्साह असेल तर तो रत्नागिरीत. घासलेलं भांडं जरा ओलं राहून कागदात गुंडाळलं गेलं तर हिरवे डाग पडतात. आत्ता नुसती साध्या पाण्याने धुऊन उन्हात कोरडी करा. घंगाळ, मोठी पातेली यांच्या पोटात लहान भांडी घालताना प्रत्येक थराला कापड. समया सोडवून घ्या, तेल पुसून काढा, आट्यांवर कागद गुंडाळा, आणि एका समईचे सगळे तुकडे एकाच पिशवीत, नाहीतर आटे जुळत नाहीत. चांदीच्या वस्तूंना रबरबँड लावू नका. रबरातल्या गंधकाने काळा पट्टा उठतो. मलमलच्या कापडात ठेवा.

देव शेवटी निघतात आणि नव्या घरात सर्वात आधी जातात, तेव्हा टाक आणि मूर्ती स्वतःच्या गाडीतच. देव्हाऱ्याचा कळस बहुतेक वेळा नुसता खुंटीवर बसवलेला असतो, तो काढून घ्या.

पडवी

सगळ्यांचे मनापासून आभार. ट्रान्झिट बोल्ट माळ्यावर सापडले. फिल्म फक्त गाद्या आणि सोफ्याला, बाकी साड्या-चादरी, असं पॅकर्सवाल्याला सांगितलंय. तो म्हणतो, आम्ही बांधलेलं नसेल तर विम्यात धरणार नाही. हे खरं का? तसबिरींचं राहिलं. आणि सुकट, सुके बांगडे न्यायचे आहेत, वासाचं काय करावं?

चौदाफुटी

विम्याचं साधारण तसंच असतं. मालकाने स्वतः भरलेल्या खोक्यातली फूट बऱ्याच पॉलिसींत धरत नाहीत. पॉलिसीचा कागद मागून तेवढं कलम वाचा, 'विमा आहे' या शब्दावर जाऊ नका. काचसामान, टीव्ही त्यांच्याकडून तुमच्यासमोर बांधून घ्या, पुस्तकं-कपडे तुम्ही. प्रत्येक मोठ्या वस्तूचे चारी बाजूंनी फोटो निघायच्या दिवशीच काढा. एकूण रक्कम, जिना चढवण्याचे पैसे, टोल, पावसात थांबावं लागलं तर काय, हे सगळं लेखी घ्या. सामान गाडीत चढल्यावर रक्कम वाढवायची सवय काही जणांना असते.

शक्यतो सकाळी सहाला मालवण सोडा. दुपारच्या आत उतरायला लागलं तर वळिवाची सर यायच्या आधी निम्मं सामान वर जातं. पावसाचो काय भरवसो नाय.

सागवान

तसबिरी: काचेवर कागदी मास्किंग टेपची मोठी फुली मारा. त्याने काच फुटायची थांबत नाही, पण फुटली तर तुकडे फोटोवर घसरत नाहीत. सोनेरी चौकटीला टेप लागू देऊ नका. दोन तसबिरी काचेकडे काच करून, मधे जाड पुठ्ठा, बाहेरून चादर, खोक्यात उभ्या. जुना फोटो ओलीने काचेला चिकटलेला दिसला तर आत्ता सोडवायला जाऊ नका, फोटोचा रंग काचेवर राहतो. तसाच चौकटीसकट न्या.

बरणी

सुक्या मासळीला आधी कडक ऊन द्या, मग जाड पिशवीत, हवा काढून, ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात, झाकणाभोवती पट्टी. डबा कपडे, गाद्या, तांदूळ यांच्या जवळपास नको. तांदूळ वास फार पटकन ओढतात. गाडीत सर्वात शेवटी, फाळक्याजवळ ठेवा आणि उतरताना सर्वात आधी काढा.

तारजोडणी

एक राहिलं. छताचे पंखे नेणार असाल तर एका पंख्याची तिन्ही पाती एकत्र बांधा आणि मोटरवर तोच नंबर टाका. पाती वजनाने जुळवलेली असतात, दुसऱ्या पंख्याचं पातं लागलं की पंखा डुगडुगतो. पात्याचा दांडा किंचित वाकला तरी तेच होतं, म्हणून ती दोन पुठ्ठ्यांच्या मधे सपाट ठेवा, गादीच्या घडीत खुपसू नका.

सागवान

नव्या घरातलं एवढंच: कपडे आणि पुस्तकांची खोकी दोन दिवसांच्या आत उघडा, बाकी पंधरा दिवस राहिली तरी चालतील. आणि कपाट लावताना पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका, आपल्याकडे पावसाचा मारा त्याच बाजूने असतो आणि भिंत आतून ओल धरते. दुसरी जागाच नसेल तर चार इंच सोडून लावा आणि पायांखाली लाकडी ठोकळे द्या.